हरगिल्याचे डोहाळजेवण

काही शब्द परमुलखातले असूनही कानावर पडताच घरातल्या माणसासारखे ओळखू येतात. आसामी भाषेतील ‘हरगिला’ हा तसाच एक शब्द. तो फोडून पाहिला तर ‘हर’ म्हणजे हाड, आणि ‘गिला’मध्ये आपले ‘गिळणे’ स्वच्छ दिसते. हाडे गिळतो तो हरगिला. ब्रह्मपुत्रेच्या काठचा शेतकरी आणि कृष्णेच्या काठचा शेतकरी एकमेकांना कधी भेटलेले नसतील. पण एका पाखराचे हे नाव दोघांनाही कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

हे पाखरू काही मोर किंवा राजहंस नव्हे. करकोच्यांच्या कुळातला हा एक दांडगा पक्षी. उंची जवळजवळ ५ फूट, पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे ८ फूट. डोके आणि मान जवळजवळ उघडी, चोच पाचरीसारखी जाडजूड, आणि गळ्याखाली लोंबणारी एक लालसर पिशवी. चालतो मात्र मोठ्या ऐटीत, एकेक पाय मोजून टाकीत, कवायतीच्या मैदानावर हिंडणाऱ्या लष्करी अंमलदारासारखा. म्हणून तर इंग्रजांनी त्याला ‘अ‍ॅड्ज्युटंट’ असे पलटणीतल्या अधिकाऱ्याचेच नाव दिले. खाणे म्हणाल तर मासे, बेडूक, साप, उंदीर. आणि मेलेले जनावर सापडले तर तेही. गावाची घाण निस्तरणारा हा चाकर, आणि घाण निस्तरणाऱ्याच्या वाट्याला जी नावे येतात ती सारी याच्याही वाट्याला आली.

यंदाच्या दिवाळीत या कुरूप पाहुण्याची कथा सांगावयाची ती एवढ्याचसाठी की, भेटवस्तूंचा आणि त्याचा संबंध फार जुना आहे. माणसाच्या हातून घडलेल्या एका भेटवस्तूपायी त्याची पिसे उपटली गेली, आणि माणसाच्याच हातून घडलेल्या दुसऱ्या भेटवस्तूने त्याची घरटी राखली. या दोन भेटींच्या मधली दीडशे वर्षे हाच या लेखाचा विषय.

इतिहासात हा पक्षी पहिल्यांदा केव्हा डोकावला हे कोण सांगणार! पण बाबर बादशहाच्या आत्मवृत्तात त्याचे वर्णन सापडते, ही गोष्ट मौजेची आहे. हिंदुस्थानातील पशुपक्ष्यांची यादी करताना बाबराने ‘डिंग’ नावाच्या एका मोठ्या पक्ष्याची हकीकत दिली आहे. माणसाएवढे पंख, केसावाचून डोके व मान आणि गळ्याखालची पिशवी, या खुणांवरून तो हरगिलाच असावा असे जाणकार मानतात. काबूलकडे असा एक पक्षी पकडून आणला होता आणि तो चांगला माणसाळला होता. फेकलेला मांसाचा तुकडा तो सहसा चुकवीत नसे. आणि एकदा तर त्याने लोखंडी नाल ठोकलेला जोडाच गिळून टाकला, असे बादशहाने लिहून ठेवले आहे. ज्याने पानिपतची पहिली लढाई जिंकली, त्याला या पाखराच्या पचनशक्तीचे कौतुक वाटावे, यात त्या पक्ष्याचाही मान आहे आणि बादशहाच्या रसिकतेचाही.

पुढे कंपनी सरकारच्या अमदानीत हरगिला कलकत्त्याचा नागरिकच होऊन बसला. त्या काळची कलकत्त्याची चित्रे पाहावीत. गव्हर्नरसाहेबांच्या प्रासादाच्या कठड्यावर आणि वेशीवरील दगडी सिंहांच्या माथ्यावर हे पक्षी निवांत उभे राहिलेले दिसतील. शहरात उघडी गटारे होती, कत्तलखान्यांची आणि स्वयंपाकघरांची घाण रस्त्यावर पडत होती, आणि ती उचलण्याचे काम हा पक्षी एक पैसाही न घेता करीत होता. त्याला मारणाऱ्यास ५० रुपये दंड ठेवला होता. त्या काळचे ५० रुपये म्हणजे गरिबाची कित्येक महिन्यांची कमाई. एवढेच नव्हे, तर पुढे कलकत्ता महापालिकेचे मानचिन्ह तयार झाले तेव्हा ढालीच्या दोन्ही बाजूंस चोचीत साप धरलेले दोन हरगिले उभे करण्यात आले. झाडूवाल्याला मानचिन्हावर बसविणारी नगरी विरळाच!

पण नीट पाहिले तर या मानाच्या मागे दुसरा एक व्यवहार चाललेला होता. हरगिल्याच्या शेपटीखाली अत्यंत मऊ, पांढरी, हलकी पिसे असतात. विलायतेतील स्त्रियांच्या गळपट्ट्यांसाठी आणि शिरोभूषणांसाठी या पिसांना मोठी मागणी होती. बंगालमधील नदिया जिल्ह्यातील कुमारखाली हे गाव या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. ते आज बांगलादेशात आहे. साहेबांच्या जिभेने कुमारखालीचे ‘कमरकॉली’ केले आणि त्या नावाने ती पिसे जहाजांत भरून जाऊ लागली. १८५१ साली लंडनमध्ये जे जगप्रसिद्ध महाप्रदर्शन भरले, त्यातही या पिसांचे गळपट्टे मांडलेले होते. ते विलायतेतल्या किती पतींनी आपल्या पत्नींना नाताळची भेट म्हणून दिले असतील याची गणती कोण करणार? देणाऱ्याच्या मनात प्रेमच असेल, घेणारीच्या डोळ्यांत आनंदच असेल. पण त्या मऊसूत वस्तूचे मूळ कोणत्या पाखराच्या अंगावर होते, हा प्रश्न त्या दोघांपैकी एकालाही पडला नसावा. भेटवस्तूचा हा एक जुनाच दोष आहे. ती हातात पडते तेव्हा तिच्या अंगाला ना चिखल असतो, ना रक्त.

केवळ पिसांच्या व्यापाराने हरगिला संपला असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याची गटारे बंद झाली, सफाईची व्यवस्था सुधारली, आणि त्या फुकट चाकराची गरज उरली नाही. दुसरीकडे दलदली बुजल्या, बिळे आणि झिलांचे पाणी आटले, उंच झाडे पडली. ब्रह्मदेशात सितांग नदीच्या मुलखात एके काळी हरगिल्यांच्या प्रचंड वसाहती होत्या. विसाव्या शतकात त्या नाहीशा झाल्या. शेवटी हा पक्षी उरला तो मुख्यत्वे आसामात, बिहारमध्ये भागलपूरच्या आसपास आणि तिकडे दूर कंबोडियात. २०२२ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने जो आकडा दिला, तो असा की, जगात पूर्ण वाढ झालेले हरगिले १,२०० हूनही कमी उरले आहेत आणि शंभर वर्षांपूर्वीच्या संख्येच्या मानाने ते शेकडा एकसुद्धा भरत नाहीत. मानचिन्हावरचे दोन तेवढे चोचीत साप धरून जागच्या जागी राहिले.

आता आसामात चलावे. गुवाहाटीच्या पलीकडे, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावर कामरूप जिल्ह्यात दादरा, पाचरिया, सिंगिमारी अशी गावे आहेत. या गावांत हरगिला रानातल्या झाडावर घरटे करीत नाही; तो लोकांच्या परसातल्या उंच झाडावर करतो. कदंबाच्या झाडावर त्याचे विशेष प्रेम. कदंब म्हटला की आपल्याला यमुनाकाठचा कृष्ण आठवतो. पण ज्याच्या अंगणात कदंबावर हरगिल्याची चार-सहा घरटी असतील, त्याला बासरी आठवण्याचे काही कारण नाही. पिलांसाठी आणलेले मासे, हाडे, कुजके मांस वरून खाली पडते. विष्ठेने अंगण पांढरे होते. वास असा सुटतो की जेवणाचा घास घशाखाली उतरू नये. त्यातून हा पक्षी अपशकुनी, रोगराई आणणारा, असा समज. तेव्हा घरधन्याने कुऱ्हाड हाती घेतली तर त्याला दुष्ट म्हणणे सोपे आहे. पण झाड त्याचे, अंगण त्याचे आणि घाणही त्याच्याच वाट्याची. कायदा पुस्तकात असतो, घरटे अंगणात असते. त्या दोहोंच्या मध्ये उभा असतो तो झाडाचा मालक. जंगलातले पाखरू राखावयास राखणदार नेमता येतो. परसातले पाखरू राखावयाचे तर परसाच्या धन्याचे आणि धनिणीचे मन वळवावे लागते.

हे मन वळविण्याचे काम ज्यांनी केले, त्यांचे नाव डॉ. पूर्णिमादेवी बर्मन. लहानपणी पाच वर्षांच्या असताना त्या ब्रह्मपुत्रेच्या काठी आजीपाशी राहावयास गेल्या. आजी शेतकरीण; तिने नातीला शेतातले आणि पाणथळीतले पक्षी दाखविले, पक्ष्यांची गाणी शिकविली. नात पुढे प्राणिशास्त्र शिकली आणि हरगिल्यावर प्रबंध लिहू लागली. २००७ साली अशी घटना घडली की, एका गावकऱ्याने आपल्या आवारातले कदंबाचे झाड तोडले आणि घरट्यांतली नऊ पिले खाली आदळली. पूर्णिमादेवी जाब विचारावयास गेल्या, तेव्हा लोकांनी त्यांनाच घेरले. एवढे प्रेम असेल तर तुम्हीच येऊन ही घाण काढा, असा सूर निघाला. त्या वेळी त्यांच्या घरी लहानग्या जुळ्या मुली होत्या. त्या पिलांमध्ये आपल्याच मुली दिसल्या, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. प्रबंध लांबणीवर पडला. पदवी मिळाली ती २०१९ साली.

आमच्या मास्तरकीच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते: फळ्यावर ‘झाडे तोडू नका’ असे शंभर वेळा लिहिल्याने एकही झाड वाचत नाही. पूर्णिमादेवींनी व्याख्याने देण्याचा नाद सोडला आणि गावच्या बायकांकडे गेल्या. त्यांनी पाककृतींच्या स्पर्धा भरविल्या. बायका पिठ्याचे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे, गोड पदार्थ घेऊन आल्या. आणि खाणेपिणे, हसणेबोलणे चालू असता हरगिल्याचा विषय निघाला. ज्यांच्या अंगणात झाड होते त्यांचा चारचौघांत सत्कार झाला. काल ज्याला लोक हसत, तो आज ‘पक्षी राखणारा’ म्हणून मांडवात पुढे बसू लागला. झाडाखाली जाळी बांधण्यात आल्या, म्हणजे वाऱ्याने पडलेले पिलू जमिनीवर आपटू नये.

आणि मग आली ती युक्ती, जी ऐकून महाराष्ट्रातल्या कोणत्याही आजीने कौतुकाने मान हलवावी. आसामात गर्भवतीचे ‘पंचामृत’ करतात. आपल्याकडच्या डोहाळजेवणाचेच ते भावंड. घरट्यात अंडी यावयाचा हंगाम आला की, या बायकांनी हरगिल्याचे पंचामृत करावयास आरंभ केला. गाणी झाली, गोडधोड झाले. विनोद म्हणाल तर विनोद आहे खरा. पाच फुटी टकल्या पक्षिणीचे डोहाळे पुरवावयाचे म्हणजे काय चेष्टा आहे! पण यातले मर्म पाहा. ज्या पाखराला कालपर्यंत अपशकुनी म्हणून दगड मारले, त्यालाच त्यांनी घरातल्या लेकीसुनेच्या ओळीत बसविले. माहेरवाशिणीच्या खोलीचे छप्पर कोणी तोडत नाही. मग तिचे झाड तरी कोण तोडील?

या बायकांच्या मेळ्याला ‘हरगिला आर्मी’ असे नाव पडले. अ‍ॅड्ज्युटंटला पलटण मिळाली, असेच म्हणा ना! २०२२ पर्यंत या पलटणीत १०,००० हून अधिक स्त्रिया होत्या. पण नुसत्या उत्साहावर पलटण चालत नाही. शिपायाला पगार लागतो. इथे आपल्या कथेत ती दुसरी भेटवस्तू प्रवेश करते.

आसामी घरात हातमाग ही नवलाची वस्तू नव्हे. आपल्याकडे जाते-पाट्याला जो मान होता, तो तिथे मागाला आहे. सासरी आलेल्या मुलीची पारख तिच्या विणकामावरून व्हावी, असा तो मुलूख. या मागावर विणला जाणारा गामोसा म्हणजे पांढऱ्या सुताचा, तांबड्या काठांचा पंचासारखा पट्टा. नावाचा अर्थ अंग पुसावयाचे वस्त्र. पण त्याची योग्यता पंचाहून फार मोठी. पाहुण्याच्या गळ्यात गामोसा, देवाच्या आसनाखाली गामोसा, आणि बोहाग बिहूच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला घरातल्या वडीलधाऱ्यांना वाकून द्यावयाचा तोही गामोसाच. त्या भेटीला ‘बिहुवान’ म्हणतात. २०२२ साली या गामोशाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

पूर्णिमादेवींनी या बायकांना माग आणि सूत मिळवून दिले. काठावर पिढ्यान्‌पिढ्या फुले-वेली विणणाऱ्या त्या हातांनी आता हरगिला विणावयास घेतला. लांब पाय, जाड चोच, गळ्याची पिशवी, सारे काही तांबड्या धाग्यात उतरले. गामोशावर उतरले, मेखला-चादरीवर उतरले. ही वस्त्रे विकली जाऊ लागली आणि घराबाहेर ज्यांना स्वतःची अशी कमाई नव्हती, त्यांच्या हाती चार पैसे खेळू लागले. हरगिला वाचला पाहिजे, कारण तो आपल्या कापडावर आहे. आणि कापड विकले पाहिजे, कारण त्याने घर चालते. निसर्गप्रेम आणि मीठमिरची एका धाग्यात ओवली गेली. १८५१ च्या त्या गळपट्ट्यात पाखराची पिसे होती आणि पाखरू मेले होते. या गामोशात पाखराचे एकही पीस नाही, आणि पाखरू परसात आपल्या पिलांना मासा भरवीत आहे.

फळ काय मिळाले ते आकड्यांतच पाहावे. दादरा, पाचरिया आणि सिंगिमारी या तीन गावांत काम सुरू झाले तेव्हा २८ घरटी होती. २०२२ साली ती २५० च्या वर गेली, आणि हरगिल्याची जगातील सर्वांत मोठी वसाहत म्हणून या साध्या खेड्यांचे नाव झाले. घरट्यांच्या झाडांजवळ आणि पाणथळींच्या काठी बायकांनी ४५,००० रोपे लावली. २०१७ साली बांबूचे उंच मचाण बांधून त्यावर घरटी व्हावीत असा प्रयोग सुरू झाला, आणि दोनएक वर्षांत त्या मचाणावरही पिले निघाली. त्याच २०१७ साली पूर्णिमादेवींना इंग्लंडमधील व्हिटली पुरस्कार मिळाला, भारत सरकारचा नारीशक्ती पुरस्कारही मिळाला, आणि २०२२ साली संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांना ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ म्हणून गौरविले. २०२३ साली तर जागतिक यादीत हरगिल्याचे नाव ‘संकटग्रस्त’ या रकान्यातून उचलून त्याहून कमी धोक्याच्या रकान्यात घालण्यात आले. ज्याच्या मृत्युपत्राची तयारी चालली होती, तो आजारी उठून बसला म्हणावयाचा.

तरी पण वाचकहो, सणाच्या भरात गोड तेवढेच सांगून कथा आवरती घेणे बरे नव्हे. उठून बसलेला आजारी अजून हिंडूफिरू लागलेला नाही. झाड राखले तरी चारा कुठे आहे? गुवाहाटीच्या पश्चिमेस दीपर बील नावाचा मोठा पाणथळ प्रदेश आहे. २००२ साली त्याची नोंद आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत झाली. त्याच्याच काठाशी बोरागाव येथे शहराचा कचरा वर्षानुवर्षे ओतला गेला, आणि मासे सोडून हरगिल्यांचे थवेच्या थवे त्या ढिगाऱ्यावर उभे राहिलेले लोकांनी पाहिले. कलकत्त्याचाच खेळ पुन्हा मांडला गेला, फरक एवढाच की त्या वेळच्या घाणीत प्लॅस्टिक नव्हते. कापडावरचा हरगिला कितीही सुबक असला, तरी तो बीलातले पाणी स्वच्छ करू शकत नाही. आणखी एक गोष्ट. गामोसा विणणारीला पैसे मिळतात. ज्याच्या अंगणात घाण पडते त्याला मात्र मिळतो तो मुख्यत्वे मान. मानाची किंमत मोठी असते. पण घर बांधावयास निघालेल्या, मुलीचे लग्न काढलेल्या माणसाला लाकडाची किंमतही दिसते. त्या दोन किमतींची ओढाताण संपलेली नाही, आणि केवळ बाजारात कापड खपल्याने ती संपणारही नाही. तिला शासन लागते, नगरपालिका लागते, आणि पाणी अडविणारे व सोडणारे शहाणे हात लागतात.

मग या भेटवस्तूने साधले काय? मला वाटते, तिने वेळ मिळवून दिला, आणि माणसे मिळवून दिली. दहा हजार बायका एका पाखराच्या नावाने एकत्र येतात, तेव्हा उद्या बील बुजवावयास कोणी आला तर त्याला एकट्या संशोधक बाईशी नव्हे, तर गावाशी बोलावे लागते. २००७ साली त्या कदंबाखाली पूर्णिमादेवी एकट्या उभ्या होत्या आणि भोवती गाव होते. आज झाडाखाली गाव उभे आहे. हा फरक मागावर विणला गेला.

आपल्याकडेही दिवाळी म्हणजे देण्याघेण्याचा सण. भाऊबीजेचे ताट, पाडव्याची ओवाळणी, शेजारी धाडलेली फराळाची ताटली, सासरी निघालेल्या लेकीची ओटी. या साऱ्यांत वस्तूच्या किमतीपेक्षा तिच्या मागचे हात आपण मोलाचे मानतो. चकली घरची की विकतची, हा प्रश्न उगाच नाही विचारीत. तोच प्रश्न एक पाऊल पुढे नेऊन विचारावा, एवढेच हरगिल्याची कथा सुचविते. ही वस्तू कोणत्या झाडाची, कोणत्या पाण्याची, कोणत्या हाताची? ती घडताना ते झाड, ते पाणी आणि तो हात वाढला की खंगला? उत्तर नेहमीच मिळेल असे नाही. पण विलायतेतल्या त्या जोडप्याने १८५१ साली गळपट्टा हातात घेऊन हा प्रश्न विचारला असता, तर कदाचित कुमारखालीच्या व्यापाऱ्याला दुसरा धंदा शोधावा लागला असता.

आश्विन-कार्तिकात, आपल्या अंगणात आकाशकंदील चढतात त्याच सुमारास, तिकडे दादऱ्याच्या कदंबांवर हरगिले काटक्या जमवीत असतात. खाली अंगणात माग चालू असतो. वरून एखादे हाड पडते, वास सुटतो, नाकाला पदर लावून बाई क्षणभर वर पाहते आणि पुन्हा धोटा फेकते. वास तोच आहे; कुऱ्हाड तेवढी भिंतीला टेकलेली आहे. ती तशीच टेकलेली राहो.